टक्कल आणि टँकरचे पाणी

विशी-पंचविशीतल्या मुलाचे केस विरळ होऊ लागले की आपल्याकडे निदान घरातच होते, आणि ते बहुधा पाण्यापाशी येऊन थांबते. गावी होता तोवर डोके भरलेले होते. पुण्याला शिकायला गेला, वाकडला नाहीतर वाघोलीला खोली घेतली, टँकरच्या आणि बोअरच्या पाण्याने आंघोळ सुरू झाली आणि दोन वर्षांत कपाळ मागे सरकले. पाण्याच्या जोडीला इतर आरोपीही उभे केले जातात. हेल्मेट, शाम्पू, डोक्याला तेल नसणे, मेसचे जेवण, जागरणे, कामाचा ताण, आणि मित्रांत दबक्या आवाजात बोलले जाणारे हस्तमैथुन. या साऱ्या समजुतींचा रोख एकाच दिशेने जातो: केस त्या मुलाने आपल्या वागण्याने किंवा राहण्याच्या जागेने घालवले, जागा बदलली, वागणे सुधारले की ते परत येतील.

हे मत चुकीचे आहे, आणि त्याने नुकसान होते, असे माझे म्हणणे आहे. तरुण पुरुषांच्या केसगळतीचे सर्वाधिक आढळणारे कारण वारशाने आलेले असते आणि ते केसाच्या मुळात काम करते. पाणी, तेल, हेल्मेट या गोष्टी त्या मुळापर्यंत पोचतच नाहीत. मात्र त्यांच्या मागे लागण्यात जी दोन-चार वर्षे जातात, तीच उपचाराच्या दृष्टीने सर्वात मोलाची असतात.

कोणतेही मत खोडायचे तर आधी ते पूर्वपक्ष म्हणून त्याच्या सगळ्या बळानिशी मांडावे, अशी आपल्या शास्त्रचर्चेची रीत आहे. पाण्याला दोष देणारा माणूस हवेत बोलत नाही. बादलीच्या काठावर आणि नळाच्या तोटीवर बसलेला पांढरा थर त्याने पाहिलेला असतो. साबणाला फेस येत नाही, धुतलेले केस राठ लागतात, कंगवा अडकतो. दिवाळीला घरी गेले की चार दिवसांत तेच केस मऊ होतात. एका फ्लॅटमधल्या चार मित्रांपैकी दोघा-तिघांची तीच तक्रार असते. जुन्या आधाराचीही उणीव नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात क्षार आणि मीठ यांच्या अतिरेकाचा संबंध खालित्य आणि पालित्य यांच्याशी, म्हणजे टक्कल पडण्याशी आणि केस अकाली पिकण्याशी जोडला आहे, आणि असा अतिरेक करणाऱ्या प्रदेशांची नावेही दिली आहेत.

शेवटच्या मुद्द्याचे उत्तर सर्वात सोपे. चरकसंहिता बोलते ती खाण्याबद्दल. डोके कोणत्या पाण्याने धुवावे हा तिथला विषयच नाही. बाकीच्या निरीक्षणांपैकी एकही मी खोटे ठरवत नाही. क्षाराच्या पाण्याने केस राठ होतात. पण राठ होणे, तुटणे आणि मुळापासून जाणे या तीन वेगळ्या घटना आहेत आणि पूर्वपक्षाने तिन्हींची एकच मोट बांधली आहे.

डोक्यावर दिसणारा केस मृत असतो. त्यात रक्त नाही, मज्जातंतू नाही, जिवंत पेशी नाही. जिवंत भाग त्वचेच्या खाली काही मिलिमीटरवर, केसाच्या मुळाशी असतो आणि त्याला लागणारे सर्व काही रक्तातून मिळते. पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम केसाच्या पृष्ठभागावर बसते. मुळाशी त्याचा संबंध येत नाही. कोइमतूरच्या त्वचारोगतज्ज्ञांनी २०१३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. जड पाण्यात भिजवलेले केस आणि शुद्ध पाण्यात भिजवलेले केस ताणून त्यांची ताकद मोजली. लक्षणीय फरक निघाला नाही. पुढे पाकिस्तानात पुरुषांच्या केसांवर अशीच मोजणी झाली, तिथे जड पाण्याने केस कमजोर होतात असे दिसले. दोन प्रयोगांची उत्तरे जुळत नाहीत, आणि पूर्वपक्ष दुसरा प्रयोग उचलून धरेल हे उघड आहे. तो त्याने जरूर धरावा. पण दोन्हींत मोजली गेली ती कापलेल्या केसाची ताकद. केस उगवणे थांबते का, हा प्रश्न त्यांतल्या कुणी विचारलाच नव्हता. गळलेला केस उचलून त्याचे टोक पाहिले तरी बराच उलगडा होतो. टोकाला बारीक पांढरा ठिपका असेल तर केस मुळापासून आलेला आहे. नसेल तर तो मध्येच तुटला आहे. तुटण्याचा दोष पाण्याला देता येईल. मुळापासून जाण्याचा नाही.

आता नैयायिकांची अन्वय-व्यतिरेकाची कसोटी लावून पाहू: जिथे कारण तिथे कार्य, जिथे कारण नाही तिथे कार्य नाही. पाण्याने केस जात असते तर ते साऱ्या डोक्यावरून सारखेच गेले असते, कारण बादलीतून ओतलेले पाणी कपाळ आणि मानेमागचा भाग असा भेद करत नाही. प्रत्यक्षात कपाळाचे दोन्ही कोपरे मागे जातात, टाळूवर विरळपणा येतो आणि कानांच्या वरचे व मागचे केस सत्तरीतही शाबूत राहतात. त्याच इमारतीत, त्याच टाकीच्या पाण्याने, बहुधा अधिक लांब केस धुणाऱ्या मुलींची कपाळे अशी मागे जात नाहीत. आणि टँकर, बोअर, शाम्पू, हेल्मेट यांतले काहीही नव्हते तेव्हा काय होते? इजिप्तमधल्या एबर्स पपायरसमध्ये, म्हणजे इसवी सनापूर्वी सुमारे १५५० मध्ये लिहिलेल्या वैद्यकीय गुंडाळीत, टकलावर सिंह, पाणघोडा, मगर, साप अशा प्राण्यांच्या चरबीचे लेप सांगितले आहेत. म्हणजे रोग तेव्हाही होता आणि हताश माणसेही होती.

या कसोटीचा निर्णायक पुरावा न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ऑरेंट्राइक यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केला. डोक्याच्या मागच्या भागातल्या केसांचे मुळांसकट छोटे तुकडे काढून त्यांनी ते टकलावर बसवले. नवीन जागी ते केस वाढत राहिले, कारण मागच्या भागाचा गुण ते बरोबर घेऊन आले होते. टकलावरचे मूळ मागच्या भागात बसवले तर ते तिथेही क्षीण होत गेले. आजची सगळी केसरोपणाची शस्त्रक्रिया या एका निरीक्षणावर उभी आहे. पाण्याच्या वादापुरता त्याचा अर्थ असा, की जागा बदलली, वरून पडणारे पाणी, ऊन, धूळ सगळे बदलले, तरी केसाचे भवितव्य बदलले नाही. ते त्या त्या मुळात ठरलेले होते.

मुळात काय ठरलेले असते? इथे आणखी मागे जावे लागते. हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या सूत्रांत एक नोंद आहे की षंढांना टक्कल पडत नाही. निरीक्षण अचूक होते, पण त्याचा अर्थ लावायला दोन हजारांहून अधिक वर्षे लागली. अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ मध्ये, वयात येण्याआधी वृषणे गमावलेल्या किंवा ज्यांची वृषणे नीट वाढलीच नाहीत अशा पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना टक्कल नव्हते. टेस्टोस्टेरॉन दिल्यावर त्यांतल्या ज्यांच्या घराण्यात टक्कल होते त्यांचे केस विरळ होऊ लागले. ज्यांच्या घराण्यात नव्हते त्यांचे राहिले. औषध थांबवले की गळती थांबे, पण गेलेले केस परत येत नसत. एका अभ्यासात तीन गोष्टी सिद्ध झाल्या: पुरुषी संप्रेरक हवे, वारसा हवा, आणि वेळ गेली की गेली. विशीतल्या मुलाच्या बापाने या तिसऱ्या गोष्टीकडे सर्वात जास्त लक्ष द्यावे.

पुढची कडी कॅरिबियन समुद्रातल्या डोमिनिकन प्रजासत्ताकात सापडली. ज्युलियन इम्पेराटो-मॅकगिनली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये तिथल्या काही कुटुंबांचे वर्णन केले. या कुटुंबांतली काही मुले जन्मतः मुलींसारखी दिसत आणि वयात येताना त्यांची शरीरे पुरुषी होत. त्यांच्यात टेस्टोस्टेरॉन भरपूर होते, पण त्याचे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन करणारे एक विकर निकामी होते. प्रौढपणी त्यांची दाढी विरळ, पुरःस्थ ग्रंथी लहान, आणि कपाळाचे कोपरे जिथल्या तिथे. म्हणजे केसांच्या मुळांवर परिणाम करते ते मुख्यतः हे दुसरे संप्रेरक, ज्याला डॉक्टर डीएचटी म्हणतात. या शोधामुळेच ते विकर अडवणारे फिनास्टेराइड हे औषध तयार झाले.

ज्या मुळांना वारशाने डीएचटीची जास्त जाणीव असते, त्यांच्यात केसाचा वाढीचा काळ आखडत जातो. एरवी डोक्यावरचा केस दोन ते सहा वर्षे वाढतो, मग दोन-तीन महिने विसावा घेऊन गळतो आणि त्याच मुळातून नवा येतो. म्हणूनच रोज पन्नास ते शंभर केस गळणे हा निरोगी डोक्याचा व्यवहार आहे. बाधित मुळात मात्र प्रत्येक फेरीला नवा केस आधीच्यापेक्षा बारीक, आखूड आणि फिका येतो, शेवटी नुसती लव उरते. ही घट गळतीपेक्षा बारीक होण्यातून होते, त्यामुळे उशीवरचे केस मोजणाऱ्याला ती कळतच नाही; भांग रुंद दिसू लागतो तोवर बरीच मजल गेलेली असते. याच संप्रेरकाने हनुवटीवर दाढी दाट होते आणि टाळूवर विरळपणा येतो, हे शरीरातले मोठे कोडे आहे. मला ते फार महत्त्वाचे वाटते, कारण दोष संप्रेरकाच्या मात्रेत नसून त्या त्या जागच्या मुळाच्या संवेदनशीलतेत आहे, हे त्यावरून स्पष्ट होते. टक्कल पडणाऱ्या मुलांच्या रक्तातले टेस्टोस्टेरॉन इतरांसारखेच असते. मग टकल्या पुरुषात पौरुष जास्त, हा समज जसा टिकत नाही, तसा हस्तमैथुनाने धातू जाऊन केस गळतात हा समजही टिकत नाही. या दुसऱ्या समजापायी किती मुलांनी अपराधी भावनेत वर्षे काढली असतील, आणि भिंतीवरच्या जाहिराती वाचून गुप्तरोगाच्या दवाखान्यांत किती पैसे घालवले असतील, याचा विचार केला की संताप येतो.

वारशाबद्दलचा एक घरगुती समज अर्धा खरा आहे. आईचे वडील पाहा, तसे मुलाचे डोके होणार, असे म्हणतात. पुरुषी संप्रेरक ज्याला चिकटते त्या ग्राहकाचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते, ते मुलाला आईकडूनच मिळते, आणि टकलाशी त्याचा संबंध ठळक आहे. पण ते एकटे नाही. ब्रिटनमधल्या बावन्न हजारांवर पुरुषांच्या जनुकांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात टकलाशी संबंधित अडीचशेहून अधिक जागा सापडल्या आणि त्यांतल्या बहुतेक एक्स गुणसूत्राबाहेरच्या होत्या. तेव्हा वडील, काका, मामा, दोन्हीकडचे आजोबा सगळेच मोजायला हवेत, आणि कुणालाच टक्कल नसतानाही पत्ते असे पिसले जाऊ शकतात की एखाद्याच मुलाच्या वाट्याला ते येते. जुळ्यांच्या अभ्यासांतून निघते की पुरुषापुरुषांतल्या या फरकाचा सुमारे ८० टक्के भाग वारशाने ठरतो.

एवढे झाल्यावर पूर्वपक्षाचा खरा आधार उरतो तो अनुभवाचा: पुण्याला आलो आणि केस गेले. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडावी, तसे हे आहे. वयात येऊन चार-पाच वर्षे झाली की संवेदनशील मुळांवर परिणाम दिसू लागतो. अठरा ते पंचवीस हेच ते वय. आणि शिक्षणासाठी, नोकरीसाठी घर सोडण्याचेही हेच वय. घर सुटले म्हणून केस गळत नाहीत. दोन्ही गोष्टी एकाच वयात येतात. मुलगा समजा साताऱ्यात आपल्या घरीच राहिला असता तरी कपाळ मागे गेलेच असते, फक्त मग दोष टँकरच्या पाण्याऐवजी दुकानातल्या शाम्पूला मिळाला असता. फ्लॅटमधल्या दोघा-तिघांची तक्रार एक असते, कारण त्यांचे वयही एक असते.

हेल्मेट आणि शाम्पू यांच्यावर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. केसांच्या मुळांना प्राणवायू रक्तातून मिळतो, त्यामुळे हेल्मेटने डोके गुदमरत नाही; हेल्मेट काढून ठेवणारा मुलगा केस वाचवत नाही, कवटी धोक्यात घालतो. शाम्पूच्या वेळी निघतात ते आधीच मूळ सोडलेले केस. आठवड्याने डोके धुतले तर एकदम पुष्कळ दिसतात, एवढेच. केस सतत ताणून घट्ट बांधले तर मात्र कडेची मुळे खरोखर जातात, आणि केस आवळून गाठ बांधणाऱ्या शीख तरुणांत हे वैद्यकात नोंदलेले आहे. पण तिथे कारण ओढ आहे, फेटा नव्हे. व्यायामशाळांत क्रिएटिनबद्दल बोलले जाते. त्याचे मूळ २००९ मधल्या दक्षिण आफ्रिकेतल्या रग्बी खेळाडूंच्या एका छोट्या अभ्यासात आहे. त्यात तीन आठवडे क्रिएटिन घेणाऱ्यांचे डीएचटी वाढलेले दिसले. केस मात्र कुणाचेच मोजले नव्हते. याच व्यायामशाळांत चोरून टोचल्या जाणाऱ्या स्टेरॉइडची गोष्ट पूर्ण वेगळी आहे. तो पुरुषी संप्रेरकाचाच बाहेरून दिलेला मारा असतो, आणि ज्याच्या मुळांत वारसा आहे त्याचे केस त्याने झपाट्याने जातात. गळती सुरू झालेला मुलगा पाण्याला शिव्या देत हे इंजेक्शन घेत असेल, तर त्याच्या जवळच्यांनी नेमके हे विचारायला हवे.

तेलाला मी अधिक जागा देतो, कारण तेल हे आपल्याकडे प्रेमाचे रूप आहे आणि त्यावर बोट ठेवले की लोक दुखावतात. खोबरेल तेल निरुपयोगी नाही. मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या संशोधकांनी, रेळे आणि मोहिले यांनी, २००३ मध्ये दाखवले की खोबरेल केसाच्या आत शिरते आणि धुण्या-विंचरण्यात होणारी प्रथिनांची झीज कमी करते. सूर्यफुलाच्या आणि खनिज तेलात तो गुण दिसला नाही. आजीचे म्हणणे इथपर्यंत खरे ठरले. पण झीज थांबली ती केसाच्या दांड्याची. माका, जास्वंद, ब्राह्मी घालून उकळलेल्या तेलाने मुळातला डीएचटीचा परिणाम थांबतो, असा भरवशाचा पुरावा नाही. ज्याला कोंडा आहे त्याच्या डोक्यावर रात्रभर तेल मुरवणे तर उलटेच पडते, कारण कोंड्यामागची बुरशी तेलातल्या मेदाम्लांवरच जगते. तेल लावावे ते केस मऊ राहावेत म्हणून, आणि आईच्या हाताला बरे वाटते म्हणून. औषध म्हणून नाही.

टक्कल करून घेतले की केस दाट येतात, हे सलूनमध्ये आजही ऐकू येते. मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी १९२८ मध्येच दाढीच्या केसांवर मोजून दाखवले होते की वस्तऱ्याने केसांच्या वाढीत फरक पडत नाही. कापलेल्या केसाचे टोक बोथट असते म्हणून तो जाड लागतो. कांद्याच्या रसाची कथा अधिक बोधक आहे, कारण तिच्यामागे एक खरा अभ्यास आहे. बगदादमधल्या डॉक्टरांनी २००२ मध्ये कांद्याचा रस लावून केस उगवल्याचे प्रसिद्ध केले. रस लावणाऱ्या २३ पैकी २० जणांत सहा आठवड्यांत वाढ दिसली. पण त्या रुग्णांना होती ती चाई. चाईत शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उलटते, नाण्याएवढे गुळगुळीत चट्टे पडतात, आणि पुष्कळदा ते आपोआपही भरून येतात. त्या रोगाचा उपाय या रोगाला लावून आज स्वयंपाकघरांतून कांदे पिळले जात आहेत. निदान चुकले की खरा अभ्यासही माणसाला खड्ड्यात नेतो, याचे याहून ठसठशीत उदाहरण मला माहीत नाही.

आता पूर्वपक्षाचा सर्वात जबरदस्त वाटणारा आक्षेप. बुलढाण्यात काय झाले? २०२४ च्या अखेरीस आणि जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड आणि आसपासच्या गावांत माणसांचे केस अचानक मूठ-मूठ हातात येऊ लागले, काहींचे तीन-चार दिवसांत पूर्ण टक्कल पडले. पहिला संशय पाण्यावरच गेला; तपासणीत पाण्यात नायट्रेट आणि विरघळलेले क्षार जास्त निघाले, आणि पाण्याने टक्कल पडते हे जणू सरकारी शिक्क्यानिशी सिद्ध झाले. पण ते पाणी लोक आधीपासून वापरत होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे पथक आले, नमुने गेले. विंचूदंशावरील कामामुळे महाराष्ट्राला परिचित असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर यांनीही तिथे जाऊन शोध घेतला. त्यांनी १८ गावांतल्या २७९ जणांची नोंद सांगितली आणि निष्कर्ष मांडला की रेशनवर आलेल्या, पंजाबातून आणलेल्या गव्हात सेलेनियमचे प्रमाण अतोनात होते. रुग्णांच्या रक्तात, लघवीत आणि केसांतही ते वाढलेले सापडले. सेलेनियमची विषबाधा झाली की केस आणि नखे जातात, हे वैद्यकाला जुने ठाऊक आहे, आणि पंजाबात शिवालिकच्या पायथ्याशी सेलेनियमयुक्त जमिनीचे पट्टे आहेत. म्हणजे बुलढाण्याचे उदाहरण पाण्याच्या बाजूने नाही, उलट पाण्यावर घाईने बोट ठेवण्याच्या सवयीविरुद्ध आहे. शिवाय तिथे बायका, मुले, सगळ्या वयाची माणसे होती, केस दिवसांत गेले, आणि पुष्कळांचे पुढे उगवूही लागले. विशीतल्या मुलाच्या हळूहळू मागे जाणाऱ्या कपाळाशी त्याचे एकही लक्षण जुळत नाही.

पूर्वपक्षाचे एक म्हणणे मात्र मी मान्य करतो. ताण, आजार, उपासमार यांनी केस गळतात. डेंग्यू, टायफॉइड, कोविड, मोठी शस्त्रक्रिया, किंवा लग्नाआधी घाईने दहा-पंधरा किलो वजन उतरवणे, यानंतर दोन-तीन महिन्यांनी साऱ्या डोक्यावरून केस झडू लागतात. अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी १९६१ मध्ये या प्रकाराचे वर्णन केले. धक्का बसल्यावर पुष्कळ मुळे एकदम विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी आपला केस सोडतात. ताप विसरलेला असतो, म्हणून दोष त्या आठवड्यातल्या नव्या शाम्पूला मिळतो. ही गळती भीतिदायक दिसते, पण मुळे जिवंत असतात आणि सहसा सहा महिन्यांत केस भरून येतात. लोह किंवा प्रथिने कमी असणे, थायरॉइडचा बिघाड, यांनीही केस जातात, आणि ते तपासून दुरुस्त करता येते. याच बऱ्या होणाऱ्या गळतीच्या काळात जे काही डोक्याला लावले असेल, त्याला केस परत आणल्याचे श्रेय मिळते. तेले, फिल्टर आणि कांदे यांची कीर्ती पुष्कळशी अशीच झाली आहे.

मग नुकसान कुठे आहे? नळाला फिल्टर बसवला, बायोटिनच्या गोळ्या घेतल्या, तर बिघडले काय, असे कुणी विचारील. बायोटिनची खरी कमतरता फार क्वचित असते, आणि मोठ्या मात्रेत ते घेतले तर थायरॉइडच्या आणि हृदयविकाराच्या रक्तचाचण्यांचे आकडे चुकू शकतात; अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये तसा इशारा दिला आहे. पण मोठे नुकसान वेळेचे आहे. मिनॉक्सिडिल हे मूळचे रक्तदाबाचे औषध. ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागल्याने ते डोक्याला लावायचे औषध झाले आणि १९८८ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. फिनास्टेराइडला केसांसाठी १९९७ मध्ये मिळाली. त्याच्या मोठ्या चाचणीत १८ ते ४१ वर्षांच्या पुरुषांपैकी ८३ टक्क्यांचे केस दोन वर्षांनंतर टिकून किंवा वाढलेले होते. नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण २८ टक्के. ही औषधे असलेले केस राखतात. जिथे नुसती लव उरली तिथे त्यांचे फारसे चालत नाही. हॅमिल्टनला दिसले होते तेच हे.

या औषधांचा मी प्रचार करत नाही. फिनास्टेराइडने थोड्या पुरुषांत कामेच्छा आणि ताठरता कमी होते, मनःस्थिती ढासळू शकते, आणि आत्महत्येचे विचार हा त्याचा दुष्परिणाम असल्याचे युरोपच्या औषध नियामकाने २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे. नैराश्याचा इतिहास असलेल्या मुलाने ते डॉक्टरांशी मोकळेपणी बोलल्याशिवाय हातातही घेऊ नये, आणि दुकानातून परस्पर तर कुणीच आणू नये. मिनॉक्सिडिल लावल्यावर पहिल्या काही आठवड्यांत गळती वाढते, ते माहीत नसल्याने पुष्कळ जण तेव्हाच सोडून देतात. गुण दिसायला चार ते सहा महिने लागतात, आणि थांबवले की मिळवलेले जाते. केसरोपण केले तरी उरलेल्या केसांची घट चालूच राहते, त्यामुळे बाविसाव्या वर्षी घाईने केलेले रोपण तिशीत विचित्र दिसू लागते. आणि काहीही न करणे, केस बारीक कापून निर्धास्त राहणे, हाही तितकाच शहाणपणाचा निर्णय आहे. फक्त तो खरे कारण कळल्यावर घेतलेला असावा.

म्हणून मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना माझी विनंती आहे. केस विरळ होताहेत असे वाटले की फिल्टर, तेल, गोळ्या यांच्या आधी त्वचारोगतज्ज्ञाकडे एकदा जा. वारशाचे टक्कल, तापानंतरची गळती, चाई आणि बुरशी यांतला फरक ते बहुधा डोके पाहूनच सांगतात. मागच्या सहा महिन्यांतले आजारपण, घेतलेली औषधे आणि इंजेक्शने त्यांच्यापासून लपवू नका. आणि लग्नघरात, ऑफिसात, सलूनच्या खुर्चीत त्या मुलाला तू डोक्याची काळजी घेतली नाहीस असे म्हणणाऱ्यांनी थांबावे. त्याने काहीही केलेले नाही.